तिसरी ओळ

मास्तरीणबाई जाऊन सहा दिवस झाले होते आणि या सहा दिवसांत धाकट्याने बायकोच्या डोळ्याला डोळा भिडवला नव्हता. दुःखाच्या घरात हे खपून जातं. लोक म्हणाले, बिचाऱ्याला सासूचा फार लळा होता. लळा होताच, त्यात खोटं काही नाही. पण माणूस मान खाली घालतो तो दर वेळी रडू लपवायलाच घालतो असं नाही, हे लोकांना कोण सांगणार?

सातव्या दिवशी दुपारी सगळे पुढच्या खोलीत जमले. पुढची खोली म्हणजेच कारखाना. एका भिंतीला रंगांचे डबे, दुसरीला टेकवलेले कोरे पत्रे, कोपऱ्यात टर्पेंटाइनच्या बाटलीत बुडवलेले ब्रश आणि खिडकीखाली पेंटरची खुर्ची. पेंटर म्हणजे धाकट्याचा बाप. गावातले निम्मे बोर्ड त्याच्या हातचे, त्यामुळे त्याला दुसरं नाव उरलंच नव्हतं. बायको होती तोवर तीही त्याला पेंटरच म्हणायची, आणि चिडली की नुसतं ‘ओ बोर्ड’. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हापासून तो उंबऱ्याबाहेर गेला नव्हता. डोळे मात्र तेलपाणी केल्यासारखे चालत होते.

पलंगाच्या कडेवर थोरली बसली होती, धाकट्याची बहीण. नगरपालिकेत बांधकाम विभागात कारकून. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या माणसाची असते तशी तिची बसण्याची पद्धत झाली होती, कुठेच पूर्ण टेकायचं नाही. तिच्यासमोर सतरंजीवर धाकट्याची बायको आणि तिच्या शेजारी तिचा भाऊ. हा मेहुणा बस चालवायचा. आज तो रजा टाकून आला होता आणि त्याच्या खिशात चार घड्या घातलेला अर्ज होता.

धाकटा दाराशी उभा राहिला. बसायला जागा होती, पण बसवेना.

“वाच,” बायको भावाला म्हणाली.

मेहुण्याने अर्ज उलगडला. “‘आमच्या मातोश्री, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका, सकाळी सव्वानऊच्या सुमारास छातीत दुखत असल्याने एकट्याच सरकारी दवाखान्यात गेल्या. आपत्कालीन विभाग मागील वर्षी मागच्या इमारतीत हलवला असल्याने त्यांना तो सापडला नाही. त्यांनी विचारपूस केली असता...’”

“असं नको लिहूस.”

“मग कसं लिहू, ताई? अर्जात असंच लिहितात.”

“ती डोळ्यांच्या विभागाच्या खिडकीपाशी गेली. विचारलं, छातीत दुखतंय, कुठे जाऊ? खिडकीतली मुलगी म्हणाली, समोर बाण काढून लिहिलंय, वाचता येत नाही का? हे लिही.” बायकोचा आवाज अगदी सपाट होता. “आणि आईने काय उत्तर दिलं, तेही लिही.”

मेहुण्याने पेन काढलं, पण हात पुढे जाईना. ते उत्तर घरात सगळ्यांना माहीत झालं होतं. रांगेतल्या एका बाईने ऐकलं होतं आणि सांगताना ती बाई स्वतःच रडली होती.

“आई म्हणाली, ‘येतं की,’” बायको म्हणाली. “आणि जाऊन बाकावर बसली. दोन तास बसली. डोळे मिटलेले बघून लोकांना वाटलं, औषध घातलंय डोळ्यांत. शेजारच्या बाईचा नंबर आला तेव्हा तिने हात लावून पाहिला.”

चौतीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिलेली बाई. गावातल्या दोन पिढ्यांना तिने आपली नदीपलीकडची लिपी गिरवायला लावली. इकडची भाषा ती झकास बोलायची, भांडायची तर इकडच्यांना लाजवील अशी. पण तिच्या लहानपणी नदीपलीकडच्या शाळेत इकडची अक्षरं शिकवतच नसत, आणि पुढे शिकायचं राहून गेलं ते गेलंच. त्या बाईने चारचौघांत ‘मला वाचता येत नाही’ कसं म्हणावं? धाकट्याने सहा दिवसांत हा प्रश्न स्वतःला इतक्या वेळा विचारला होता की आता त्याला खिडकीतल्या त्या मुलीचा रागही येत नव्हता. ती बिचारी खरंच बोलली होती. समोर बाण काढून लिहिलं होतं. एका ओळीत लिहिलं होतं.

तीन ओळींतली एकच ओळ कशी उरली, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. थोरलीला आणि त्याला.

पंचवीस वर्षांपूर्वी पूल अकरा दिवस बंद पडला होता. इकडच्यांनी तिकडे जायचं नाही, तिकडच्यांनी इकडे यायचं नाही, दोन्हीकडची डोकी फुटलेली. ते निवलं तेव्हा नगरपालिकेने ठराव केला, की गावातला प्रत्येक सरकारी बोर्ड तीन ओळींचा असेल. पहिली ओळ इकडची, दुसरी गिरणीत कामाला आलेल्या लोकांची, तिसरी नदीपलीकडची. काम पेंटरला मिळालं आणि त्याला लिपी एकच यायची. पण नाही म्हणेल तो पेंटर कसला! त्याने कुठलासा कागद समोर धरून टपाल कचेरीचा बोर्ड रंगवला, आणि तिसऱ्या दिवशी एक सडसडीत बाई पूल ओलांडून याच दारात उभी राहिली.

“पेंटर,” ती म्हणाली, “तुमची टपाल कचेरी डोक्यावर उभी आहे. आमच्याकडची माणसं मान वाकडी करकरून दमली.”

त्या दिवसापासून मास्तरीणबाई रोज शाळा सुटली की इथे येऊन बसायच्या. तपकिरी कागदावर कोळशाने हातभर उंचीची अक्षरं काढायच्या. पेंटर ती सुईने टोचून भोकं पाडायचा, त्याला खाका म्हणतात. तो कागद पत्र्यावर धरायचा, वरून निळ्या भुकटीची पुरचुंडी आपटायची, की खाली ठिपक्यांनी अक्षर उमटतं. मग ब्रश फिरवायचा. गावभरच्या तिसऱ्या ओळी अशा झाल्या. सगळं एका बाईचं हस्ताक्षर. बाईंच्या मागे कागदांची गुंडाळी सांभाळत त्यांची मुलगी यायची, आणि तिला बघता बघता धाकटा कागदापेक्षा स्वतःची बोटंच जास्त टोचून घ्यायचा. लग्न झालं तेव्हा नगरपालिकेने दोघांचा फोटो काढून सभागृहात लावला. खाली लिहिलं होतं, ‘सलोखा’. यंदा नवा ठराव झाला, एक गाव एक ओळ, तेव्हा तो फोटोही उतरला. थोरलीनेच तो पिशवीत घालून घरी आणून दिला होता. खालच्या दोन ओळी पुसण्याच्या कामाचा कागदही त्याच पिशवीत होता.

“रस्त्यांचे बोर्ड आहेत, दवाखान्याचे आहेत,” ती म्हणाली होती. “तू नाही केलंस तर दुसरा कुणी करेल. छापील बोर्ड आल्यापासून तुझे ब्रश सुकलेत, ते मला दिसत नाही का? कागदावर नाव ठेकेदाराचं राहील.”

रात्री त्याने बायकोला निम्मं सांगितलं. रस्त्यांचे आपण करतोय, दवाखान्याचं दुसऱ्याला गेलं. ती आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, “ठीक आहे. पण दवाखान्याचे नाहीत ना?” तो म्हणाला, नाहीत. जीभ काय, उचलली की लागते टाळ्याला.

“आता हे बघ,” थोरली मेहुण्याला म्हणत होती. “अर्ज कर, मी नको म्हणत नाही. पण ‘बोर्ड कुणी पुसला’ हे कशाला घालतोस? वरून ठराव आला, कचेरीने कागद काढला, कुणीतरी रंग मारला. त्यात रंग मारणाऱ्याचं काय पाप?”

“पाप नाही म्हणत मी, वन्सं,” बायको म्हणाली. “पण आदेशाची प्रत तुमच्याच विभागात आहे. कुणी केलं, कधी केलं, एवढं द्या. वकील म्हणाला, तारीख आणि नाव असल्याशिवाय अर्जाला कुणी हिंग लावूनही विचारणार नाही.”

“प्रत अशी बाहेर देता येत नाही गं.”

“माझी आई गेली आहे.”

“मला काय दुःख नाही?” थोरलीचा आवाज चिरकला. “माझ्या पोरांना पाढे कुणी शिकवले? मला वेळ होता का? तिनेच इथे सतरंजीवर बसवून शिकवले. पण दोन वर्षं राहिलीत माझी. दोन वर्षं.”

बोलता बोलता तिने दाराकडे पाहिलं. एक क्षणच पाहिलं, पण धाकट्याला तेवढं पुरलं. गप्प राहा, असं ती नजर सांगत होती. तो गप्पच होता. गप्प राहण्याइतकं सोपं काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं आणि इतकं जडही.

“बोर्ड तू पाहिलास का जाऊन?” पेंटरने पहिल्यांदाच तोंड उघडलं. तो मेहुण्याकडे बघत होता.

“पाहिला, पेंटरकाका. काल गेलो होतो. वाटलं, खाली काहीतरी दिसत असेल, फोटो काढावा. कसलं काय! पहिल्या ओळीखाली आरशासारखा गुळगुळीत पांढरा. किल्लीने खरवडलं तेव्हा कुठे एक टवका निघाला. रखवालदार ओरडला म्हणून पळालो.”

“टवका आहे?”

मेहुण्याने पाकिटातून बसच्या तिकिटात गुंडाळलेला नखाएवढा तुकडा काढला. धाकट्याला वाटलं, आता पुढे होऊन म्हणावं, काय बघायचंय त्यात बाबा, राहू द्या. पण तो दाराशीच राहिला.

पेंटरने टवका चिमटीत धरला आणि खिडकीकडे वळवला. वरून पाहिलं नाही, कडेने पाहिलं. रंगाच्या एका थराला पेंटर लोक हात म्हणतात. एक हात, दोन हात. काम कसं झालंय ते पृष्ठभागावर कळत नाही, कडेला कळतं. आणि या घराची एक खोड होती. पांढऱ्यावर पांढरा मारताना कुठे मारला, कुठे राहिला ते समजत नाही, म्हणून पहिल्या हातात पेंटर चिमूटभर गेरू टाकायचा. पहिला थर गुलाबी दिसायचा, त्यावर दोन पांढरे हात, की काम पक्कं. गावात दुसरं कुणी हे करत नसे. लोक हसायचे, पेंटरच्या बोर्डाला आतून बनियन असतं म्हणायचे.

पेंटरने टवका उलटा करून पुन्हा कडेने पाहिला.

“खाली काळं आहे,” तो हळू म्हणाला. “नेमकं अक्षरावरूनच खरवडलंस. बाईंचं अक्षर आहे हे.”

मग त्याने हात लांब केला. मेहुण्याकडे नाही, दाराकडे.

“ये. बघ जरा. मला म्हाताऱ्याला नीट दिसत नाही. काळ्याच्या वर काय आहे?”

दिसत होतं त्याला, चांगलं लख्ख दिसत होतं. धाकट्याला कळलं की बाप त्याला दार उघडून देतोय आणि त्या दारातून स्वतःच्या पायांनी जायचं आहे. तो आला आणि खुर्चीपाशी खाली बसला. टवका त्याच्या तळहातावर आला. वजन म्हणून काही नव्हतं त्याला.

“गुलाबी,” तो म्हणाला.

“त्याच्या वर?”

“पांढरा. दोन हात.”

“कुणाचं काम?”

“अरे, कशाला उगाच...” थोरली अर्धी उठली.

“तू बस,” पेंटर म्हणाला. त्याने आवाज चढवला नाही. ती बसली.

“माझं,” धाकटा म्हणाला. “मीच केलं. पाच आठवडे झाले. आक्काने काम आणलं, मी घेतलं. हिला सांगितलं की दवाखान्याचं दुसऱ्याकडे गेलं. खोटं सांगितलं.”

मेहुणा ताडकन उठला. काय करायचं ते त्यालाही कळत नव्हतं, हातात अर्ज तसाच. बायकोने त्याच्या पँटचा काठ धरून त्याला खाली ओढलं, लहान मुलाला ओढतात तसं. नवऱ्याकडे तिने आता नीट पाहिलं. सात दिवसांत पहिल्यांदा दोघांचे डोळे भिडले, आणि धाकट्याला वाटलं होतं त्याहून ते वाईट होतं, कारण त्या डोळ्यांत राग नव्हता.

“किती हात दिलेस?” तिने विचारलं. अठरा वर्षं ती या घरात होती, या घराची भाषा तिला येत होती.

“तीन.”

“एकच दिला असतास तर?”

त्याने टवका मुठीत धरला. तिने सासऱ्याकडे पाहिलं. “बाबा, एकच दिला असता तर?”

पेंटर खोटं बोलू शकला असता. एक म्हातारा माणूस आपल्या पोरासाठी एवढं खोटं बोलला असता तर देवानेही कानाडोळा केला असता. पण रंगाच्या बाबतीत त्याला खोटं बोलताच यायचं नाही.

“महिन्याभरात खालचं काळं वर आलं असतं,” तो म्हणाला. “फिकट आलं असतं. पण वाचता आलं असतं.”

धाकट्याला तो दिवस आठवला. अधिकारी बोर्डावर अंगठा फिरवून म्हणाला होता, वा, काम असावं तर असं, जुन्याचा मागमूस नाही. आणि त्याला बरं वाटलं होतं. तेच त्याच्या मनातून जात नव्हतं, की त्याला बरं वाटलं होतं. कामचुकार असता तर सासू जगली असती. आयुष्यभर बापाच्या शिव्या खाऊन तो चांगला कारागीर झाला होता, तो याच्यासाठी.

बायको उठली. माळ्याखाली पत्र्याची लांब नळी होती, तिच्यात खाके गुंडाळून ठेवलेले असत. तिने नळी उघडली, एकेक कागद सोडवत गेली आणि एक बाहेर काढला. कागद जुना, कडा कातरलेल्या, पण भोकं शाबूत होती. हाच खाका धरून धाकट्याने गेल्या वर्षी मागच्या इमारतीकडे जाणाऱ्या दारावरचा बाणाचा नवा बोर्ड रंगवला होता, आणि तीनशे वेळा तरी असले खाके त्याच्या हातून गेले असतील. एकाही अक्षराचा अर्थ त्याला कळत नव्हता. बायको शिकवते म्हणायची, तो उद्या म्हणायचा. आजीच्या घरी थांबलेल्या त्यांच्या लेकीलाही शाळेत ती लिपी मिळाली नाही आणि घरात कुणी आग्रह धरला नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली तरी तो उद्या काही उजाडला नव्हता.

“धर,” ती म्हणाली.

त्याने कागद भिंतीवर धरला. तिने भुकटीची पुरचुंडी घेतली आणि ठप ठप आपटत गेली, डावीकडून उजवीकडे, आई आपटायची तशी. भुकटी उडून दोघांच्या हातावर बसली. कागद बाजूला केला तेव्हा भिंतीवर निळ्या ठिपक्यांची एक ओळ उमटली होती.

“पहिल्या ओळीत काय होतं?” तिने विचारलं.

“आपत्कालीन विभाग.”

“तिसऱ्या ओळीत?”

“तेच असणार. तेच ना?”

“आमच्यात तसा शब्दच नाही. आईने कचेरीत विचारलं होतं, काय लिहू? ते म्हणाले, तुमच्या लोकांना कळेल ते लिहा, कोण बघतंय.” ती भिंतीजवळ गेली आणि बोट न लावता एकेक अक्षरावरून हात नेत वाचू लागली. आधी तिच्या भाषेत वाचलं. मग त्याच्या भाषेत सांगितलं. “‘घाबरू नका. या दाराने आत या.’”

थोरलीने तोंडाला पदर लावला. पंचवीस वर्षं दवाखान्याचा हा बोर्ड, जुना आणि नवा, तिच्या विभागाच्या यादीत होता, दर वर्षी ती त्याच्यापुढे बरोबरची खूण करत होती.

“मी परत रंगवून देतो,” धाकटा म्हणाला. “आजच जातो. तिन्ही ओळी. कुणी अडवू दे मला, मी...”

“रंगवशील. हात चांगला आहे तुझा.” बायकोने हातावरची भुकटी झटकली नाही. “वाचायला आता कोण येणार आहे?”

तिने खाका गुंडाळून नळीत घातला आणि नळी भावाकडे दिली. आत जाऊन पिशवी भरून आणली. लहानशीच होती, चार दिवसांची म्हणावी अशी, पण माणसं चार दिवसांची पिशवी घेऊनही कायमची जातात. सासऱ्याच्या पायांना हात लावून ती म्हणाली, “आईच्या घरी आहे मी.” धाकट्याशी न बोलता ती भावाबरोबर निघाली. पाठोपाठ थोरली उठली. दारात थांबून, कुणाकडेच न बघता म्हणाली, “आदेशाची प्रत उद्या सकाळी आणून देते. होईल ते होईल.”

खोलीत बाप आणि मुलगा राहिले. सतरंजीवर अर्ज पडला होता. ‘बोर्ड पुसण्याचे काम कोणी केले’ याच्यापुढे मेहुण्याने कोरी जागा सोडली होती.

“उचल तो,” पेंटर म्हणाला. “लिही.”

धाकट्याने लिहिलं. आपलं नाव, तारीख. सवयीने अक्षर देखणं आलं, त्याची त्याला लाज वाटली.

“मोठ्याने वाच.”

त्याने वाचलं. नावापाशी थांबला, मग तेही वाचलं.

“तीन हात दिले, तेही घाल.”

त्याने घातलं.

“आणि त्याखाली लिही, की तीन हात दिल्याशिवाय बोर्ड सोडायचा नाही, हे याला बापाने शिकवलं.” पेंटरने हात पुढे केला. “दे इकडे ते पेन. सही माझीही लागेल.”

म्हाताऱ्याने मांडीवर कागद धरून सही केली. सही ओळीवर नीट बसली नाही, खाली घसरत गेली, आणि त्याने ती तशीच राहू दिली.